दऱ्या आणि दर्या

‘दऱ्या’ शोधलं की ‘दर्या’ येतो, एवढंच तिनं वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत टर्नर, ही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी माझ्याकडे कोड वाचायला येणाऱ्या चौघांत सगळ्यांत अबोल. मराठी शोधाची ती छोटी मुक्तस्रोत लायब्ररी मी अनेक वर्षं सांभाळतोय. मी म्हणालो, नॉर्मलायझेशन लावलंय, असं होणार नाही.

“होतंय, सर.”

होत होतं. ‘दऱ्या’तला चंद्रकोरीसारखा हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: टिंबवाल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. नॉर्मलायझेशन ‘ऱ’ आणि ‘र अधिक टिंब’ एक करतं, पण जोडकाच्या वाटेला जात नाही. आणि मी फार पूर्वी, निरुपयोगी कचरा समजून, तो जोडक सरसकट काढून टाकला होता. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र केला होता मीच.

हे शोधायला तिला सहा आठवडे लागले. सव्वादोनशे शब्दांची यादी, प्रत्येक दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेली. दुरुस्ती मात्र तीन ओळींची: जोडक काढण्याआधी तो अर्धा र टिंबवाल्या ऱ वर आणायचा. तिनं लिहिलेल्या ओळी मला ओबडधोबड वाटल्या. मी त्या नीट करून, चाचण्या जोडून, स्वतःच्या नावानं चढवल्या. वर्णनात लिहिलं, ‘एका विद्यार्थिनीनं लक्षात आणून दिलं.’ नाव लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. मराठीच्या लिपीचा जाणकार म्हणून चार लोक मला ओळखतात, आणि इतकी मोठी चूक माझ्या कोडमध्ये दुसऱ्या कुणी पकडली, हे मला दिसू द्यायचं नव्हतं.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लेखक आणि चढवणारा यांची नावं वेगवेगळी ठेवतं. लिनक्स कर्नलमध्ये चूक सांगणाऱ्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’ अशी वेगळी ओळ असते. सोय होती, मी ती वापरली नाही.

मग ती पुण्यात मुलाखतीला गेली. काम दाखवा म्हणाले. तिनं तीच दुरुस्ती उघडली. वर माझं नाव. मग प्रमाणपत्र विचारलं, ते तिच्याकडे नव्हतं.

मी प्रमाणपत्रांच्या विरोधात नाही. २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि आमच्याकडच्या कितीतरी बायांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला, ते त्या कागदामुळेच. पण प्रश्नसंच घोकवून क्लाउडची प्रमाणपत्रं मिळवून देणाऱ्या क्लासवाल्यांचा मला राग येतो, कारण त्यांची मुलं दुसऱ्याची चूक वाचूच शकत नाहीत. वर्कशॉपमध्ये गेज असतो. माल त्यात बसतो की नाही एवढंच तो सांगतो. हत्याराला धार कुणी लावली, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आणि योगदान मोजायला गेलं तरी तेच होतं. मुक्तस्रोत प्रकल्पांना पाठवलेले बदल मोजणारा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ साली सुरू झाला. २०२० मध्ये टी-शर्टासाठी लोकांनी ठिकठिकाणच्या रीडमीत एकेक शब्द बदलून पाठवले, इतके की आयोजकांना प्रकल्पांची आधी संमती घेण्याचा नियम करावा लागला. मायक्रोसॉफ्ट परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं देते, आणि १९९३ पासून परीक्षेविना, इतरांच्या अडचणी सोडवणाऱ्यांना एमव्हीपी म्हणून गौरवतेही. दुसरी रीत मला जास्त पटते, कारण तिथे कुणीतरी माणूस दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवून म्हणतो, हिनं केलं. आकडा ते म्हणू शकत नाही. मी म्हणू शकत होतो.

तिच्या सहा आठवड्यांची नोंद कुठे करायची, हा प्रश्न अजून सुटत नाही. तीन ओळींची लेखक म्हटलं तर शोध झाकला जातो. नुसतं कळवणारी म्हटलं तर त्या ओळी जातात. आता मी ती सव्वादोनशे शब्दांची यादी तिच्या नावानं, तिच्या खात्यातून चढवायला लावली आहे, आणि श्रेयाच्या फाइलमध्ये घडलं ते सगळं सविस्तर लिहिलं आहे.

जुनी नोंद बदलली तर तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींच्या खुणा बदलतात, लोकांनी घेतलेल्या प्रती जुळेनाशा होतात. म्हणून त्या दुरुस्तीचा लेखक म्हणून तिथे आजही माझंच नाव आहे.