आवड आधी की सवड आधी

जैववैद्यकातल्या पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला कशात रस आहे? तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी उत्तर देते, कर्करोगात, मेंदूत, प्रतिकारशक्तीत. तोवर तिने पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या आणि प्रात्यक्षिकांपुरत्या स्लाइड्स यापलीकडे फारसे काही पाहिलेले नसते. एमडी करणाऱ्याला बहुधा एवढेही कोणी विचारत नाही. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, प्रबंध सक्तीचा; विषय पुष्कळदा गाइडच सुचवतात, तोही विभागात कोणते रुग्ण येतात आणि कोणत्या तपासण्या होऊ शकतात ते पाहून. मग सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, आणि ओपीडी-वॉर्ड सांभाळून रुग्णांची नोंद. या दोघांनाही वडीलधारी माणसे एकच म्हण ऐकवतात, आवड तेथे सवड. ही म्हण मला अलीकडे सोडत नाही, कारण तिने लावलेला क्रम खरा आहे का, याचीच शंका येते.

म्हणीचे म्हणणे असे की ओढ आधी असते आणि वेळ, जागा, साधने तिच्यामागून येतात. कमल रणदिवे यांचा प्रवास या क्रमात बसत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशीविज्ञानावर. मुंबईला आल्यावर त्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात काम करू लागल्या आणि वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे स्तनांचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते उंदरांवर तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. सीताफळाच्या पेशी पाहणाऱ्या विद्यार्थिनीला कशात रस आहे असे विचारले असते, तर 'कर्करोग' हे उत्तर आले असते का? मला वाटते, जागा आधी मिळाली, सूक्ष्मदर्शकाखाली रोज काहीतरी दिसत गेले, आणि दिसण्यातून ओढ वाढली. म्हणजे सवड तेथे आवड.

यावर आक्षेप येईल की अपवादांवरून नियम काढता येत नाही. गाइडने दिलेल्या विषयावर लिहिलेले असंख्य प्रबंध परीक्षेपुरते बांधले जातात आणि ग्रंथालयात पडून राहतात. सवड दिली म्हणून आवड कुठे निर्माण झाली? आक्षेप खरा आहे. पण पडून राहणे हा निकाल कधी द्यायचा, हेही सोपे नाही. पाउल लांगरहान्सने १८६९ साली बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी जो प्रबंध दिला, त्यात सशाच्या स्वादुपिंडातले पेशींचे लहान पुंजके वर्णिले होते. ते काय करतात हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने मोकळेपणाने नोंदवले. त्याआधी, विद्यार्थी असतानाच, त्याने त्वचेतल्या काही फांदीदार पेशी शोधल्या आणि त्या मज्जासंस्थेच्या आहेत असा समज करून घेतला. प्रतिकारशक्तीशी त्यांचे नाते उलगडायला शंभर वर्षे लागली. पुढे क्षयाने त्याला मदेइरा बेटावर नेले. तिथे तो रुग्ण तपासत असे आणि समुद्री कृमींचा अभ्यास करत असे. १८८८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले, १८९३ मध्ये त्या पुंजक्यांना लांगरहान्सचे नाव मिळाले, आणि १९२१ साली टोरंटोत त्याच पुंजक्यांतले इन्सुलिन हाती आले. त्या कृमींपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. स्वादुपिंडाचा ध्यास त्याला जन्मभर होता असे दिसत नाही. त्याने जे समोर होते ते नीट पाहिले आणि न कळलेले तसेच लिहून ठेवले. मग प्रबंधासाठी लागते ती आवड, की नुसता प्रामाणिकपणा?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो उलट बाजूने येतो. अल्बर्ट शॅट्झकडे ओढ होती, तीही भरपूर. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पदव्युत्तर संशोधन करताना, १९४३ साली, तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याने क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयाच्या जिवंत जंतूंवर काम करण्याचा धोकाही पत्करला. १९५२ चे नोबेल मात्र त्याच्या मार्गदर्शकाला, सेलमन वॅक्समनला, एकट्याला मिळाले. सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी शॅट्झला आधी कोर्टाची पायरी चढावी लागली होती. इथे म्हण खरी ठरते, आणि तिचा दुसरा चेहराही दिसतो. आवड आहे ना, मग रात्रीही थांब. आवड आहे ना, मग फेलोशिप उशिरा आली म्हणून कुरकुर कशाला? २०२३ साली जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, महिना ३७,००० रुपये झाली, पण ती वेळेवर हातात पडणे ही गोष्ट वेगळी. आवडीला पात्रता ठरवले की तिच्या नावावर काहीही मागता येते, आणि जो दमतो त्याला आपली आवडच कमी होती असे वाटू लागते. हे मला फार क्रूर वाटते.

तर मुलाखतीतला तो प्रश्न गाळावा का? तसेही ठामपणे म्हणवत नाही. प्रश्नच नसेल, तर विषय लादण्याला उरलासुरला अडसरही जाईल. आणि शॅट्झची ओढ नसती तर त्या तळघरात कोण उतरले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. 'तुम्हाला कशात रस आहे' याऐवजी 'तुम्ही काय नीट पाहिले आहे' असे विचारावे, असे क्षणभर वाटते. पण ज्यांच्या महाविद्यालयात पाहण्याजोगा सूक्ष्मदर्शकच नव्हता, त्यांच्यावर हा नवा प्रश्न जुन्यापेक्षाही अन्याय करील. सवड आधी द्यायला हवी, इथवर मी येतो. ती कोणाला द्यायची हे आवड न विचारता कसे ठरवायचे, ते मात्र मला अजून सुचलेले नाही.