आधी वाऱ्याची वाट

रेसची गाडी तापायला लागली की मालकाला पहिला सुचतो तो मोठा रेडिएटर. चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडवर येणारी बहुतेक हौशी मंडळी हेच मागतात: जाड कोअर, डबल पास, ॲल्युमिनियमचा, आणि परवडला तर परदेशी. मी मूळचा कोल्हापूरचा. तांब्या-पितळेच्या जाळीला शिशाचा डाग देणारे मिस्त्री बघत वाढलो, त्यामुळे ॲल्युमिनियमचं कौतुक मलाही कमी नाही. पण पैसे आधी कुठे घालायचे, यावरून गिऱ्हाइकाशी माझं दर हंगामात वाजतं.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेची ढोबळ तीन वाटण्यांत विभागणी होते. एक हिस्सा चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर आणि एक पाण्यात. हा तिसरा हिस्सा हवेत टाकायचा, एवढंच रेडिएटरचं काम. तो किती टाकता येईल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. कोल्हापुरात जानेवारीच्या सकाळी हवा १५ अंशांवर आणि पाणी ९५ वर असेल, तर ८० अंशांचा फरक मिळतो. चेन्नईत हवाच ४० वर असली की उरतात ५५. म्हणजे तोच रेडिएटर इथे जवळजवळ तीस टक्के दुबळा. थंड देशातल्या कॅटलॉगमध्ये बघून माल मागवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

ॲल्युमिनियमबद्दलही एक गैरसमज आहे. उष्णता तांबंच जास्त चांगली वाहून नेतं. पण जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या, अरुंद, चार-चार ओळींत. आणि नळी व फिन यांच्यामध्ये डागाचा थर, जो उष्णतेला अडवतो. ॲल्युमिनियमचा कोअर नायट्रोजन भरलेल्या भट्टीत सुमारे ६०० अंशांवर ब्रेझ होतो. तिथे तो थर नसतो, धातू हलका असल्याने नळीची भिंत जाड ठेवता येते, त्यामुळे रुंद नळ्यांच्या दोन ओळीही पुरतात. फिनवरच्या बारीक खाचा हवेला सतत ढवळतात. सुधारणा आहे ती या रचनेत. मात्र कोअरची जाडी दुप्पट केली म्हणून थंडावा दुप्पट होत नाही. मागच्या ओळीपर्यंत पोचेतो हवा तापलेली असते, आणि जाड जाळीतून ती शिरायलाच कुरकुरते.

खरी गोम इथेच आहे. हवा आळशी असते, सोपी वाट शोधते. रेडिएटर आणि बॉडीमध्ये बोटभर फट असली तर ती जाळीतून न जाता फटीतून निघून जाते. मग तुम्ही कितीही महाग कोअर बसवा, ते गळक्या पोहऱ्याने पाणी शेंदणंच. पुढचं तोंड लहान, मग हळूहळू रुंदावत जाणारा पत्र्याचा बोगदा, कडांना फोमची पट्टी आणि मागे तापलेल्या हवेला बाहेर पडायला मोकळी जागा, एवढं केलं की हवा जाळीपाशी मंदावते, दाब वाढतो आणि ती आतून जाते. इंग्लंडमध्ये फार्नबरोला मेरेडिथ या संशोधकाने १९३०च्या दशकात दाखवून दिलं की असा बोगदा नीट बांधला तर तापलेल्या हवेचा उलट थोडा रेटाही मिळतो. मस्टँग विमानाने पुढे त्याचाच फायदा घेतला. आमच्या गाड्यांना रेटा वगैरे मिळत नाही. पण पत्रा आणि फोम यांचा खर्च नव्या रेडिएटरपुढे किरकोळ, आणि अंबत्तूरमध्ये पत्रा कापणारा, वाकवणारा, टिग वेल्डिंग करणारा असे सगळे हाकेच्या अंतरावर.

स्वस्तातली दुसरी गोष्ट म्हणजे झाकण. शेजारच्या पाडीत बस्तान असलेल्या सुंदरम फास्टनर्सने जनरल मोटर्सला रेडिएटरची झाकणं पुरवून नाव कमावलं, पण रेसच्या गाडीवर मात्र थकलेल्या स्प्रिंगचं झाकण सर्रास दिसतं. एक बारचा दाब धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत नेतं. ते गळलं, की वर्षाचं बजेट हेड गॅस्केटवर.

तिसरी, पाणी. ट्रॅकवर सांडलेलं ग्लायकोल निसरडं असतं, म्हणून अनेक स्पर्धांत त्याला बंदी. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं, पण ते डिस्टिल्ड हवं आणि त्यात गंजरोधक हवं. इथल्या बोअरचं खारं पाणी ॲल्युमिनियमला आतून खातं.

आणि धडका. सिंगल-सीटरमध्ये रेडिएटर बहुधा बाजूच्या पॉडमध्ये असतो. चाकाला चाक लागलं की पहिला मार त्यालाच. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली, ती कमी खर्चात रेसिंग व्हावं म्हणून. तो शहाणपणा मला अजून पटतो. बाजारात सहज मिळणारा रेडिएटर शनिवारी फुटला तर रविवारी बदलता येतो. परदेशी फुटला तर हंगाम गेला.

राहिला ट्रॅक. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या विमानांच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या तेव्हा लांब सरळ रस्त्यावर मोकळा वारा होता. १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टैच्या पावणेचार किलोमीटरच्या ट्रॅकवर वळणं आली. तिथे पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटलात तर वेग मिळतो, पण पुढ्यात तिचीच तापलेली, विस्कटलेली हवा येते. तापमानाचा काटा चढू लागला, तर अर्धी गाडी बाजूला सरका. याला पैसे लागत नाहीत.

नवा रेडिएटर हवा असेल तर करून देईन, धंदाच आहे. फक्त फोनवर माप पाठवू नका. नाक आणि पॉड लावलेली अख्खी गाडी घेऊन या.