खुळखुळा

बँकेतल्या बावीस वर्षांत स्टेपलरपेक्षा घातक शस्त्र मी कधी चालवलेलं नाही. त्यामुळे टेक्सासमधल्या मेव्हण्याने कपाटातून पिस्तूल काढलं, तेव्हा मी आवंढा गिळून सोफ्यामागे गेलो.

"भाऊजी, रिकामं आहे हो! सेकंडहँड घेतलं. पण फसलो बहुतेक." त्याने ते हलवलं. बाळाच्या खुळखुळ्यासारखं वाजलं! अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं जॉन ब्राउनिंगचं पिस्तूल ते, आणि असं वाजतं म्हणजे काय?

परत द्यायला निघालो. वाटेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला दाखवलं. तो हसला. म्हणाला, ही वरची स्लाइड खालच्या सांगाड्यावर सैल आहे, म्हणून वाजते. सैन्याला हे चालतं. फार घट्ट पिस्तूल वाळू-चिखलात अडकतं. नेमाच्या स्पर्धेसाठी मात्र हेच भाग हाताने घासून घट्ट बसवतात. पण नेमाची माशी आणि मागची खाच, दोन्ही स्लाइडवरच. तेव्हा या खडखडीने फरक पडतो, पण थोडाच. खरा प्रश्न नळीचा. प्रत्येक बारानंतर नळी मागे जाऊन खाली झुकते, पुन्हा वर येऊन स्लाइडच्या खाचांत अडकते. ती दर वेळी त्याच जागी आली पाहिजे.

त्याने नळीच्या मागच्या टोकावर अंगठा दाबला. हलली नाही. तोंडाशी चिमटीत धरून हलवली. तिथेही घट्ट.

माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. नळी पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. तोंडाशी एक दशांश मिलिमीटर चुकली, तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ दोन सेंटिमीटर बाजूला. चूक दोनशे पट, तीही सरळव्याजाने! असा दर आमच्या बँकेने दिला असता, तर काउंटरवर पोलीस बोलवावे लागले असते.

पिस्तूल परत घरी आलं. सगळी हकिगत ऐकून ही म्हणाली, "म्हणजे अगदी तुमच्यासारखंच की! खडखड फार, पण संध्याकाळी सात-दहाला जागेवर हजर."

प्रमोशनच्या मुलाखतीत तीनदा सैल ठरलेल्या माणसाला एवढं प्रशस्तिपत्र पुष्कळ झालं. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

तिने अंगठा दाबून पाहिला नाही, हे मात्र बरं झालं.