आमच्या घरचा चातुर्मास

सोलापुराकडच्या माणसास भाकरीविषयीं कांहीं सांगावें लागत नाहीं. जोंधळ्याची भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि चटणींत ओतलेलें शेंगतेल, एवढ्यावर आमच्या कित्येक पिढ्या शेतांत राबल्या. आणि मिशनच्या वसतिगृहांत राहून मी बी. ए. झालों तोहि बहुतांशीं ह्याच अन्नावर. आमच्या धाकट्या मुलीच्या ताटांतून हे तिन्ही पदार्थ एकामागून एक उठत गेले, त्याची ही हकीगत आहे.

ती दोन वर्षांची असतांना माझ्या ताटांतली बोटभर चटणी तिनें चाखली, आणि कांहीं मिनिटांतच तिचे ओठ सुजले व अंगभर गांधी उठल्या. तपासणींत शेंगदाणा आणि काजू हे दोन तिला विषासमान असल्याचें ठरलें. बदाम, अक्रोड वगैरे खबरदारी म्हणून वर्ज्य झाले. नारळाचा मात्र तिला त्रास नाहीं, हें डॉक्टरांनीं पारखून सांगितलें. शेंगदाणा हा वस्तुतः काजू-बदामांच्या कुळांतला नव्हे, तो वाटाण्या-हरभऱ्यांचा भाऊ. परंतु शरीर वनस्पतिशास्त्र वाचीत नाहीं. घाण्याच्या शेंगतेलांत दाण्याचा अंश राहतो, म्हणून तेंहि गेलें आणि करडईचें तेल आलें.

पुढें २०२२ सालीं, ती सात वर्षांची असतां, दुसरें संकट आलें. पोट फुगलेलें, हातपाय काड्यांसारखे, चेहरा पांढरा फटक, आणि वजन कांहीं केल्या वाढेना. रक्त तपासून व दुर्बिणीनें आंतड्याचा तुकडा काढून निदान झालें तें सीलिॲक नांवाच्या विकाराचें. गव्हांत आणि जवांत ग्लुटेन म्हणून एक प्रथिन असतें. ह्या विकारांत तें पोटांत गेलें कीं शरीर स्वतःच्याच लहान आंतड्याच्या अस्तरावर उठतें. मग खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. ह्यावर पथ्य हेंच औषध, आणि तें जन्मभराचें. आम्हांस वाटलें, आपण जोंधळा खाणारीं माणसें, गहूं सोडणें तें काय कठीण! वर्ष गेलें. चपाती, पाव, बिस्किट कांहीं घरांत येईना, तरी रक्ताचा आंकडा उतरेना आणि फ्रॉकहि आंखूड होईना.

जून २०२३ मध्यें डॉक्टर म्हणाले, "सर, कोठून तरी गहूं हिच्या पोटांत जातो आहे. कोठून तें कळेपर्यंत सर्वच धान्य बंद करूं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, दाणा नको आणि पीठहि नको. चार-पांच महिन्यांनीं रक्त तपासूं, मग एकेक धान्य परत देऊं." कडधान्यें निवडून, धुवून अख्खीं शिजवावीं, अंडीं, मटण, मासे, दूध, फळें यांस मोकळीक. हा उपाय सरसकट सर्वांसाठीं नव्हे, आणि वैद्याच्या नजरेखालींच करावयाचा, असें त्यांनीं मला दोनदां बजावलें. मीहि तें येथें लिहून ठेवतों.

माझी पत्नी परिचारिका असल्यामुळें तिच्या पाळ्या बदलत असतात, म्हणून शाळेचा डबा माझ्याकडे आला. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं प्रथम पुस्तकें उघडलीं. सॅम्युएल जी ह्या इंग्रज वैद्यानें १८८८ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, हा रोग बरा होणारच असेल तर तो आहारानेंच. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनीं १९२४ सालीं केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. त्यांत पाव व सर्व धान्यें वर्ज्य होतीं. मुलें सुधारलीं, आणि सारें श्रेय केळ्यांस मिळालें! खरा अपराधी गहूं, हें विलेम डिके ह्या डच बालवैद्यानें दाखविलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडमध्यें अन्नाचा दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां सारा देश उपाशी असतां हीं आजारी मुलें सुधारलीं, आणि पाव परत येतांच पुन्हां आजारी पडलीं. एका राष्ट्राच्या उपासमारींतून आमच्या मुलीचें पथ्य जन्मास आलें, हें वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. परंतु ह्या ज्ञानानें डबा भरेना. धान्यावांचून पाव-केक करण्याच्या ज्या कृति मला मिळाल्या, त्या बहुतेक बदामाच्या पिठाच्या!

वाट दाखविली ती शेजारच्या आजींनीं. आमच्या भिंतीस भिंत लागून त्यांचें घर आहे; घरीं पंढरीची वारी आहे. माझी हकीगत ऐकून त्या म्हणाल्या, "मास्तर, एवढं कसलं कोडं? आमच्या एकादशीला धान्य कुठं असतं? या माझ्या स्वयंपाकघरात." माझ्या आईस हें कळलें तेव्हां ती हांसून म्हणाली कीं, ज्या आजोबांनीं ख्रिस्ती होतांना एकादशी सोडली त्यांच्याच पणतीनें ती पुन्हां धरली.

आजींच्या ओट्यापाशीं उभा राहून मी जें शिकलों तें कोणत्याहि ग्रंथांत नव्हतें. राजगिरा हा धान्यासारखा दिसला तरी माठाच्या भाजीचा सगोत्र, गवताच्या कुळांतला नव्हे; त्याच्या लाह्या दुधांत घातल्या कीं न्याहारी झाली. शिंगाडा हें तळ्यांतलें फळ. तो वाळलेला आणून घरींच दळावा. ह्या पिठांस गव्हाचा चिकटपणा नाहीं, थापतांच तीं भेगाळतात. म्हणून उकडलेला बटाटा कोमट असतांनाच त्यांत मळावा आणि थालीपीठ ओल्या फडक्यावर थापावें. माझीं पहिलीं चार थालीपिठें तव्यावर उतरलीं तीं तुकड्यांनींच. वरीच्या तांदळावरून मात्र आमचा वाद झाला. वरी हें गवताच्या कुळांतलें धान्यच आहे, सबब तें नको, असें मीं म्हणतांच आजी रागावल्या : "देवाला चालतं ते तुमच्या डॉक्टरला कसं चालत नाही?" ह्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ अद्याप नाहीं. तसें पाहतां साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळें, राजगिरा, शेंगदाणा, हे सारे मूळचे अमेरिका खंडांतले. एकादशीच्या ताटांत आमच्या धर्माइतकेच तेहि दूरचे पाहुणे आहेत, हें मीं आजींस सांगितलें नाहीं.

खरी अडचण दाण्याच्या कुटाची. उपासाचा कोणता पदार्थ त्यावांचून होतो? खिचडींत तें, थालिपिठांत तें, रताळ्याच्या किसांत तें, आणि आमटी तर त्याचीच. आजींनीं कुटाच्या जागीं सुकें खोबरें भाजून, कुटून घालून पाहिलें. कूट नसलें कीं साबुदाण्याचा गोळा होतो. म्हणून तो दोन-तीन पाण्यांत खळखळून धुवावा, पिठूळ पाणी पुरतें काढून टाकावें, आणि बेताच्याच पाण्यांत भिजवावा. तिसऱ्या खेपेस खिचडी मोकळी झाली. मुलीनें ती दोनदां मागून घेतली आणि मला वाटलें, सर केला गड!

सुरणानें एकदां आमची फजिती केली. मीं तो आंबट न घालतां शिजविला, पहिल्याच घासाला मुलगी म्हणाली, "पप्पा, घसा खाजतो." पत्नीनें इंजेक्शनाची पेटी उघडली, मी रिक्षासाठीं धांवलों, आणि आजी दारांत उभ्या राहून हांसूं लागल्या : "सुरण खाजतोच, मास्तर. आमसूल घातलंत का?" ही गोष्ट पुढील आठवडाभर गल्लींत सांगून हंशा पिकला. मीहि हांसलों.

आषाढी एकादशी त्या वर्षीं २९ जून रोजीं आली. त्याच दिवशीं बकरी ईद असल्यामुळें शाळेस सुट्टी होती. सकाळीं मीं आमसूल घालून सुरण केला होता. दुपारीं मुलगी मैत्रिणीकडे खेळावयास गेली. मैत्रिणीच्या आईनें मायेनें दोघींपुढें साबुदाण्याची खिचडी ठेविली. साबुदाणा आपला आहे, हें मीच तिला शिकविलें होतें. दोन चमचे खाऊन ती घरीं आली आणि माझ्या खुर्चीपाशीं उभी राहून म्हणाली, "पप्पा, घसा खाजतो." मीं हातांतल्या वहीवरून मानहि वर केली नाहीं. म्हणालों, "सकाळचा सुरण असेल. पाणी पी."

तीं तीन-चार मिनिटें माझ्या हिशेबीं आहेत. तिला ओकारी झाली तेव्हां मीं वर पाहिलें, तों तिचे डोळे सुजून मिटत आले होते आणि आवाज घोगरा झाला होता. पत्नी कामावर होती. तिनें मला संत्र्यावर सुई टोंचून ॲड्रिनलीन कसें द्यावें तें अनेकदां शिकविलें होतें. संत्रें रडत नसतें, एवढाच काय तो फरक. औषध मांडीत गेलें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत तिचा श्वास पुष्कळ सुधारला होता, तरी ही बाधा कांहीं तासांनीं उलटूं शकते म्हणून रात्रभर तिला तेथेंच ठेवून घेतलें.

त्या रात्रीं बाकावर बसून मला माझाच वर्ग आठवत होता. उत्तर पाठ करूं नका, प्रश्न समजून घ्या, असें मी मुलांना वीस वर्षें सांगत आलों, आणि घरीं मीं तिला पदार्थांचीं नांवें तेवढीं पाठ करविलीं, "ह्यांत काय घातलें आहे?" हें विचारावयास शिकविलें नव्हतें. मैत्रिणीच्या आईचा तर तिळमात्र दोष नव्हता. आम्हीं गल्लींत आजींवांचून कोणासहि कांहीं कळूं दिलें नव्हतें. मुलीची जात, तिच्या आजाराची वाच्यता कशाला, पुढें लग्नाच्या वेळीं अडेल, असें नातलगांनीं सुचविलें होतें आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या मींहि तें मानलें होतें. सकाळीं ती माउली डोळे पुशीत रुग्णालयांत आली तेव्हां मला तिच्यापुढें मान वर करवेना. त्याच संध्याकाळीं मी गल्लींतल्या प्रत्येक दाराशीं जाऊन सर्व सांगून आलों. दुसऱ्या दिवशीं शाळेंतहि सांगितलें.

त्या वर्षीं श्रावण अधिक आल्यामुळें चातुर्मास पांच महिन्यांचा झाला. त्या सबंध चातुर्मासांत आजींनीं आपल्या घरच्या एकाहि उपासाला शेंगदाणा शिजविला नाहीं. कारण विचारल्यास "खोबऱ्याची सवय झाली" एवढेंच म्हणत. आमच्या मुलीचा उपास तर रोजचाच : लाह्या, उसळी, अंडीं, उजनीचे मासे, रताळीं आणि पुन्हां रताळीं. जुलै सरतां सरतां तिनें एकदां ताट दूर सारलें आणि दिवसभर कांहींच खाल्लें नाहीं. मीं रागें भरलों, मग समजूत घातली. कशाचाच उपयोग झाला नाहीं. रात्रीं आजींनीं शिंगाड्याचा गोड शिरा पाठविला तेव्हां ती जेवली.

कौटुंबिक उपासनेंत प्रभूची प्रार्थना म्हणतांना रोजच्या भाकरीचें मागणें येतें. एका रात्रीं ती तेथें थांबली आणि म्हणाली, "पप्पा, मी भाकरी मागूं कीं नको?" माझ्या मनांत भाकर म्हणजे सर्व अन्न वगैरे विवरण तयार झालें, पांच हजारांना पुरलेल्या त्या भाकरीहि जवाच्या होत्या, म्हणजे त्याहि हिला वर्ज्यच, असा भलताच विचार आला. एवढ्यांत तिची आई म्हणाली, "तूं रताळं माग, बाळ. त्याला कळतं." त्यावर ती मोठ्यानें "रताळें" म्हणाली, आणि आमेनपर्यंत कोणाचेंच लक्ष लागलें नाहीं.

नोव्हेंबरांत रक्त तपासलें. आंकडा निम्म्याहून खालीं आला होता आणि वजन दोन किलो वाढलें होतें. मग चोराचा शोध सुरू झाला. एक चोर फोडणींतच सांपडला. बाजारांतल्या हिंगाच्या पुडींत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. आमच्या डबीच्या मागें तें बारीक अक्षरांत छापलेलेंच होतें, आणि ती डबी मीं वर्षभर रोज हाताळली होती. दुसरा चोर पिठाची गिरणी. गव्हावर जोंधळा दळला कीं गिरणींत राहिलेलें गव्हाचें पीठ त्यांत उतरतें. ह्यांत गिरणीवाल्याचा काय अपराध? त्यानें आम्हांस सदैव चोख वजन दिलें.

प्रथम तांदूळ परत आला, आणि कांहीं बाधा झाली नाहीं. जोंधळ्यासाठीं आईनें माळ्यावरचें आपलें जातें काढावयास सांगितलें. परंतु त्यावर तिनें आयुष्यभर गहूंहि दळले होते. शेवटीं पाथरवटाकडून नवें जातें आणलें. नव्या दगडाची कच पिठांत उतरते म्हणून पहिलीं दोन दळणें टाकून दिलीं. मंगळवेढ्याच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या शेतांतली मालदांडी खळ्यावरून परस्पर भरून ठेविली होती, तिचें एक पोतें त्यानें पाठविलें. नाताळच्या आदल्या आठवड्यांत आई व मुलगी समोरासमोर खुंटा धरून बसल्या. नातीचा हात खुंट्यापर्यंत धड पुरत नव्हता, आणि आजीचे गुडघे दुखत होते. तांबडें फुटल्यापासून आठ वाजेपर्यंत वाटीभर पीठ निघालें.

भाकरी मीं थापली. पत्नीनें थापावी असें सर्वांचें मत होतें, पण सहा महिन्यांचा हक्क मीं सोडला नाहीं. सोबत शेंगदाण्याची चटणी नव्हती, डॉक्टरांस विचारून केलेली जवसाची होती. मुलीनें ती प्रथम बोटानें उचलून पाहिली आणि विचारलें, "ह्यांत काय घातलें आहे?" मीं जवस, लसूण, मिरची, मीठ, सर्व सांगितलें. मग तिनें भाकरीचा पापुद्रा उलगडला, खालची बाजू पाहिली आणि म्हणाली, "पप्पा, ही करपली आहे."

करपली होती खरी. तिनें ती सगळी खाल्ली.