पाय दिसले पाहिजेत

‘टॉप हॅट’ (१९३५) या सिनेमात रात्रीचा एक प्रसंग आहे. लंडनच्या हॉटेलातल्या खोलीत फ्रेड अस्टेअर रंगात येऊन टॅप डान्स करतोय आणि खालच्या खोलीत जिंजर रॉजर्सची झोपमोड होतेय. ती तणतणत वर येते, त्याला सुनावते आणि निघून जाते. तो मात्र तिच्यावर भाळलेला. मग तो वाळू जमिनीवर पसरतो आणि तिला झोप लागावी म्हणून त्याच बुटांनी, वाळूवर पाय घासत नाचू लागतो. खटखट जाते आणि खसखस येते. पाय सरकतो, वळतो, थांबतो, पुन्हा सरकतो. हळूहळू खाली ती झोपते, वर त्याचा मित्र पेंगतो आणि शेवटी तो स्वतःही खुर्चीत कलंडतो.

प्रेमाची ही सगळी सुरुवात बुटाच्या तळव्यानं सांगितली आहे. मला ती भिडते, कारण तळव्यांचे आवाज काढणं हाच माझा धंदा. मी फोली आर्टिस्ट. पडद्यावरची माणसं चालतात, जिने उतरतात, बांगड्या मागे सारतात. ते आवाज आम्ही नंतर स्टुडिओत, समोर चित्र लावून, स्वतः चालून आणि बांगड्या वाजवून काढतो. वाळूचं काम वरून सोपं दिसतं. पण वाळू दमट असली तर आवाज बसतो, जाडी असली तर कचकचतो. ती चाळून, वाळवून, पातळ पसरावी लागते आणि पायाचा भार अर्धाच टाकावा लागतो. त्यामुळे अस्टेअरचा तो नाच मी डोळ्यांइतकाच कानांनीही बघतो.

हे जुने संगीतपट आजच्या प्रेक्षकाला का ओढतात, याचं उत्तर लोक रंगांत, गाण्यांत, गतकाळाच्या ओढीत शोधतात. तेही खरंच. पण मला विचाराल तर उत्तर पायांत आहे. नाच डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि तो होता होईल तो तोडायचा नाही, असा अस्टेअरचा हट्ट होता. मध्येच बघणाऱ्यांचे चेहरे दाखवणं त्याला आवडत नसे. अख्खा माणूस चौकटीत असला आणि कट नसला की लपायला जागाच उरत नाही. ‘स्विंग टाइम’मधल्या (१९३६) शेवटच्या नाचाचे ४७ टेक झाले आणि रॉजर्सच्या पायांतून रक्त आलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

हल्लीच्या बऱ्याच गाण्यांत आमचं काम सोपं असतं. दर दोन ठोक्यांना कट: कंबर, डोळे, ड्रोनवरून गर्दी, परत कंबर. पाय दिसलेच नाहीत तर घुंगरांचा एक छणकार टाकून वेळ मारून नेता येते. पाय दिसले की चोरी पकडली जाते. चवड्याचा ठोका आणि टाचेचा ठोका यांचा आवाज वेगळा. त्यांची अदलाबदल झाली तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकतंच.

आता कुणी म्हणेल, अस्टेअरचे ठोके तरी कुठे जागेवरचे होते? बरोबर आहे. नाच आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर चित्रित व्हायचा आणि बुटांचे ठोके बरेचदा मागाहून, चित्र बघत भरले जायचे. अस्टेअर आपले ठोके आपणच भरायचा. रॉजर्सचे बरेचसे ठोके नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅनचे. माझा धंदाही याच घरातला: युनिव्हर्सलमधल्या ज्या जॅक फोलीचं नाव आम्ही लावतो, त्यानं ही वाट धरली ती ‘शो बोट’ (१९२९) या संगीतपटाला आवाज देताना. आणि ‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) तर सगळा या बनवाबनवीवरच उभा आहे. बोलपट आल्यावर एका नटीचा आवाज भयंकर निघतो, म्हणून डेबी रेनॉल्ड्सचं पात्र स्टुडिओत माइकसमोर तिच्यासाठी बोलतं. प्रत्यक्षात त्या प्रसंगात ऐकू येणारा आवाज आहे त्या ‘भयंकर’ नटीचं काम करणाऱ्या जीन हेगनचाच! त्याच सिनेमात नायक जीन केलीच्या पावलांसाठी रस्त्यावर हव्या त्या जागी खळगे करून पाणी भरलं होतं. पाऊसही खोटा आणि डबकीही आखलेली.

म्हणजे सगळं रचलेलंच. पण कष्ट रचलेले नाहीत. अस्टेअरच्या ज्या पायांनी नाच केला, तेच पाय नंतर माइकसमोर तितकेच घामाघूम झाले. खोटेपणा सजावटीत असला तर कुणाचं काही जात नाही; तो मेहनतीत शिरला की प्रेक्षक दुरावतो.

स्टुडिओतल्या पोरांना मी एकदा ‘स्टॉर्मी वेदर’मधला (१९४३) निकोलस बंधूंचा नाच दाखवला. दोघे भाऊ जिन्याच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या मारत, पाय फाकवून थेट खालच्या पायरीवर पडतात आणि हात न टेकता उठतात. पोरांनी विचारलं, “दादा, वायर कुठंय?” वायर नव्हतीच. इतर सिनेमांत मात्र या काळ्या कलावंतांचे नाच कथेपासून असे सुटे ठेवले जात, की अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांना ते कापून टाकता यावेत. त्या सोनेरी काळाचं कौतुक करताना ही कात्रीही लक्षात ठेवायला हवी.

पोरांना तो नाच लगेच का भिडला, ते त्यांचे फोन बघून कळलं. रीलमध्ये तरी काय असतं? फोन भिंतीला टेकवलेला, नाचणारा नखशिखान्त उभा, कट नाही. अस्टेअरचाच नियम, फक्त चौकट उभी. संगीतपटांत माणसं मध्येच गाऊ का लागतात, हा प्रश्न तर ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) नाट्यपदांवर पोसलेल्या आपल्या मराठी घरांत कुणाला पडतच नाही. त्यात आता संगणक कुणालाही कसंही नाचवू शकतो. अशा वेळी सलग नाचणारं शरीर, त्याचा तोल आणि नाच संपल्यावरचा त्याचा श्वास बघायला मिळणं हीच चैन झाली आहे.

कुणी दिग्दर्शक नाचाचं गाणं घेऊन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाय किती वेळ दिसणार? “सगळा वेळ” म्हणाला की मी पैसे वाढवून सांगतो. तो कबूल झाला, तर त्याचं गाणं चांगलं होणार हे मला रेकॉर्डिंगच्या आधीच कळतं.