तीन-पाच की चार-चार?

रविवार. बाहेर बर्फ, आत टेबलावर पगारपत्रकं.

स्टुटगार्टला पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना दिसला. कशाला, तर चर्च-करासाठी! चर्चचा सभासद असाल तर आयकरावर आणखी ८ टक्के, जर्मनीत बहुतेक ठिकाणी ९. दक्षिणा थेट पगारातून. आमचा गणपती बापडा परवडला.

खरा घोळ करवर्गाचा. एकटा होतो तोवर वर्ग १. ही पुण्याहून आली, लग्नाचा दाखला दिला, की दोघंही आपोआप वर्ग ४, म्हणजे ४-४. हिला नोकरी नव्हती, म्हणून मी ३ आणि ही ५ असा अर्ज केला. माझ्या हातात दरमहा बरेच युरो जास्त पडू लागले. खूश होतो.

मग हिला नोकरी लागली. पहिलं पगारपत्रक उघडून ती गप्पच बसली. "माझाच पगार एवढा का कापला?" माझ्या सवलतीची भरपाई तिच्या पगारातून होत होती! एकत्र विवरण भरलं की वर्षाचा कर कुठल्याही जोडीत सारखाच येतो. वर्ग फक्त दरमहाची कपात ठरवतो. मात्र उद्या मूल झालं, तर पालकभत्ता निव्वळ पगारावर ठरतो, म्हणजे नुकसान तिचंच. शिवाय दोघं कमावते आणि एक जण ५ मध्ये असला की विवरण सक्तीचं, पुढच्या वर्षी ३१ जुलैच्या आत.

हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? खरं तर मीच विचारलं नव्हतं.

४-४ चा अर्ज भरून ठेवलाय. यासाठी एकाचीच सही पुरते. तरी तिची आधी घेतली.