अंगठ्याचा भाव

सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, गुळाचा भाव कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून फोनवर कळतो. पण माणसाच्या अंगठ्याचा भाव काय, असं विचारलं तर भलेभले अंगठा चोखत बसतील. मला मात्र तो तोंडपाठ आहे. शेकडा तीस! मी बी.कॉम. असल्यामुळे शेकड्यात बोललं की मला बरं वाटतं.

मी मलकापुरात बँकेत कारकून आहे. मलकापूर म्हणजे आमचं, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. बुलढाण्याचं नव्हे आणि कराडजवळचंही नव्हे. इथे कारकुनाकडे लोक पैशांसाठी कमी आणि सल्ल्यासाठी जास्त येतात. वकील फी घेतो, डॉक्टर फी घेतो. कारकून मात्र काचेच्या मागे फुकट बसलेला असतो. शिवाय त्याच्याकडे पेन असतं, आणि ज्याच्याकडे पेन त्याला कायदा येतो, अशी आमच्याकडे गाढ समजूत आहे. कॉलेजात व्यापारी कायद्याचा एक पेपर मी पास झालो होतो, हे लोकांना कुठून कळलं कोण जाणे!

तर अंगठा. 1923 साली इंग्रज सरकारने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. पुढे त्याला एक लांबलचक यादी होती. कामावर असताना कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचं ते दरपत्रक. अंगठा तीस, तर्जनी चौदा, मधलं बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर चौदा. एका हाताची चारी बोटं गेली तर पन्नास. आता बेरीज करा: चौदा, बारा, सात आणि सात म्हणजे चाळीस. सुटी घेतली तर चाळीस आणि घाऊक घेतली तर पन्नास! घाऊक मालाला जादा भाव देणारं हे जगातलं एकमेव दुकान असावं. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि ती 2025 च्या नोव्हेंबरात लागू झाली.

रस्त्यावरच्या अपघाताचा हिशेब जरा निराळा. तिथे नुसता अवयव पाहत नाहीत, त्या अवयवाने माणूस काय करत होता ते पाहतात. 2010 साली एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरण देऊन समजावलं. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली; पण तो सरकारी कारकून असेल, तर त्याची नोकरी चालू राहू शकते. हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कारकुनाचा डावा हात काही काम करत नाही, हा संशय मला पहिल्यापासून होताच."

पण काचेच्या पलीकडे पाहिलं की हसू थांबतं. आमच्याकडे निशाणीला पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची जुनी चाल आहे. म्हणजे माझा जो हात फुकटचा, तोच समोरच्या माणसाची सही!

गेल्या गुऱ्हाळाच्या हंगामात एक पाहुणे असेच आले. वय चाळीस. चरकात ऊस लावताना उजवा हात आत ओढला गेला होता. फडक्यातून अंगठा तेवढा बाहेर दिसत होता.

"सायेब, मालकानं वीस हजार दिल्यात. आन् ह्या कागदावर अंगठा द्यायला सांगतोय. देऊ न्हवं?"

कागदावर लिहिलं होतं, सर्व रक्कम पावली, यापुढे काही मागणार नाही.

मी कॅल्क्युलेटर ओढला. पगार महिना बारा हजार. त्याचे साठ टक्के सात हजार दोनशे. जुन्या कायद्याच्या कोष्टकात चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणायचा आकडा 184.17. गुणाकार झाला तेरा लाख सव्वीस हजार चोवीस. चार बोटांचे पन्नास टक्के म्हणजे सहा लाख त्रेसष्ट हजार बारा.

पाहुणे आकड्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "बोटं हुती तवा एवढी किंमत न्हवती ओ त्यांची."

या वाक्यावर माझ्या बी.कॉम.कडे उत्तर नव्हतं. मी एवढंच सांगितलं, की असा हक्क सोडून दिल्याचा कागद कायदा मानत नाही. तरीसुद्धा अंगठा देऊ नका. न मानणारा कायदा कोल्हापुरात असतो आणि कागद दाखवणारा मालक गावात असतो. दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि हाताचा अपंगत्वाचा दाखला काढून घ्या. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. पण बहुतेक सवलतींचं दार चाळीस टक्क्यांनाच उघडतं. आमच्या शाळेत पस्तीसला पास व्हायचे. इथे पाच जास्त लागतात.

दोन्ही हात निकामी झालेल्याने पैसे कसे काढायचे? रिझर्व्ह बँकेने त्याचीही सोय केली आहे. पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा. त्या दरपत्रकात हाताचा अंगठा तीस आणि पायाचा चौदा. पण आमच्या काउंटरवर दोघांना सारखेच पैसे मिळतात. बँकेने माणसाला समान वागवल्याचं हे उदाहरण मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण दुसरं चटकन आठवत नाही.

अंगठ्याच्या जागी सही आली म्हणजे माणूस सुटला, असंही नाही. बारावी झालेली एक मुलगी जॉइंट खात्यातून नवऱ्याचं नाव काढायला आली. कारण विचारलं तर तिने पाचशेच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी पुढे केली. 'राजीखुशीने विभक्त, पोटगी मागणार नाही,' खाली दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, शिक्का.

"वाचलं होतंस का, ताई?"

"वाचू कुठं दिलं, काका? सही कर म्हणाले, केली."

आमच्याकडे काडीमोडीची चाल जुनी. मलकापूर विशाळगड जहागिरीचं ठाणं होतं आणि वर करवीर संस्थान, त्या काळात, 1919 साली, शाहू महाराजांनी संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताला तसा कायदा करायला 1947 उजाडलं आणि देशाला 1955. म्हणजे या बाबतीत आम्ही देशाच्या छत्तीस वर्षं पुढे होतो, आणि आता स्टॅम्पपेपरच्या कृपेने पुन्हा मागे चाललो आहोत! जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट निराळी. एरवी असा स्टॅम्प म्हणजे घटस्फोट नव्हे. ती दोघं कायद्याने अजून नवरा-बायको, तिचा पोटगीचा हक्क शाबूत, आणि त्याने दुसरं लग्न लावलं तर तो गुन्हा. दोघांच्या संमतीचा घटस्फोट 1976 पासून मिळतो, पण त्याला वर्षभर वेगळं राहावं लागतं, कोर्टापुढे उभं राहावं लागतं आणि सहा महिने थांबावं लागतं. 2017 पासून हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं.

"वकिलाला पैसे कुठले, काका?"

हा प्रश्न ऐकायचीच मी वाट पाहत असतो, कारण याचं उत्तर फुकट आहे. 1987 च्या कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. अपंग माणसालाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. अर्ज बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही चालतो, हे 2003 सालापासून. हायकोर्टासाठीही आता मुंबईची गाडी पकडायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात खंडपीठ बसतं.

दोघांचीही कामं सुरू आहेत. म्हणजे तारखा पडत आहेत. पाहुण्यांचे सहा लाख अजून कागदावरच आहेत, पण ते निदान त्यांच्या कागदावर आहेत. मुलगी परवा नवं, स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघडायला आली. मी फॉर्म दिला, सहीच्या जागी फुली मारली आणि म्हटलं, "इथे कर."

तिने पेन खाली ठेवलं आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा! मागे रांग वाढली, लोक कुरकुरू लागले, मॅनेजरसाहेब केबिनमधून डोकावले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गिऱ्हाइकाला फॉर्म वाचताना पाहिलंच नव्हतं.

मी त्यांना खुणेनेच थांबवलं. डाव्या हाताने. तेवढं काम तो करतो.